लिनक्सवर चालणाऱ्या भ्रमणध्वनी संचातील आवाजाचे दोष : कारणमीमांसा आणि शोधपद्धती

प्रस्तावना

दूरध्वनीवरील संभाषणातील दोषांचे एक चमत्कारिक वैशिष्ट्य असे की, ज्याच्या संचात दोष आहे त्याला तो बहुधा जाणवत नाही. जाणवतो तो पलीकडच्या व्यक्तीला. ‘आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो’, ‘माझेच शब्द मला परत ऐकू येतात’, ‘मध्येच तुटते’ अशा वर्णनांवरून बोलणाऱ्याने आपल्या हातातील यंत्राचे निदान करावयाचे असते. रोग एका गावी आणि वेदना दुसऱ्या गावी, असा हा प्रकार आहे. नेहमीच्या संचाच्या बाबतीत हे निदान वापरणाऱ्याला करावे लागत नाही, आणि करता येतही नाही. संच दुरुस्तीला देणे एवढेच त्याच्या हाती असते. लिनक्स या मुक्तस्रोत कार्यप्रणालीवर चालणाऱ्या संचांचे तसे नाही. अँड्रॉइडच्या मुळाशीही लिनक्सचेच कर्नल असते हे खरे. परंतु येथे अभिप्रेत आहेत ते डेबियन, अल्पाइन यांसारख्या संगणकावरील वितरणांचीच भ्रमणध्वनीसाठी केलेली रूपे चालविणारे संच. त्यांत आवाजाच्या मार्गावरील बहुतेक टप्पे वापरणाऱ्याला पाहता येतात, मोजता येतात आणि बदलता येतात.

ही मोकळीक असूनही अशा संचांविषयीची सर्वांत जुनी आणि सर्वांत चिवट तक्रार आवाजाचीच राहिली आहे. तिचे कारण बहुधा ‘माइक खराब आहे’ असे एका वाक्यात सांगितले जाते. प्रत्यक्षात मायक्रोफोन हा आवाजाच्या मार्गावरील केवळ पहिला टप्पा होय. ध्वनिमुद्रणाचा आवाज आणि संभाषणाचा आवाज हे दोन्ही त्याच मायक्रोफोनपासून निघत असले, तरी पुढे त्यांचे मार्ग वेगळे होतात. हे मार्ग कोठे फुटतात ते ठाऊक नसेल, तर नियंत्रणांशी केलेली खटपट व्यर्थ जाते. प्रस्तुत लेखात पाइन६४ या संस्थेचा पाइनफोन हा संच मुख्य उदाहरण म्हणून घेऊन, आणि आवश्यक तेथे प्युरिझमच्या लिब्रेम ५ या संचाशी तुलना करून, या दोषांच्या शोधाची रीत स्पष्ट केली आहे.

एक पूर्वपीठिका

हा प्रश्न नवा नाही. मुक्तस्रोत भ्रमणध्वनीचा पहिला गाजलेला प्रयत्न म्हणजे ओपनमोको. या प्रकल्पाचा निओ फ्रीरनर हा संच २००८ मध्ये बाजारात आला आणि लवकरच अनेकांच्या अनुभवास आले की, संभाषण सुरू होताच पलीकडच्याला भुंग्यासारखी घरघर ऐकू येते. जीएसएम पद्धतीत संच सतत प्रक्षेपण करीत नाही, दर ४.६१५ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला सुमारे २१७ वेळा, तो एक स्पंद सोडतो. प्रक्षेपकाचे हे स्पंद मायक्रोफोनला वीज पुरविणाऱ्या वाहिनीत मिसळत आणि २१७ हर्ट्झचा स्वर बनून बोलण्याबरोबर पलीकडे जात. या दोषावर आज्ञावलीत उपाय नव्हता. कपॅसिटर सोल्डर करून मंडलातच दुरुस्ती करावी लागे. त्यासाठी वापरकर्ते हातात सोल्डरिंगची उपकरणे घेऊन एकत्र जमत. नंतरच्या उत्पादनात ही दुरुस्ती कारखान्यातच होऊ लागली.

याच संचात दुसरा दोष प्रतिध्वनीचा होता, आणि तो मात्र मोडेमला एक आज्ञा देऊन बराचसा आटोक्यात येई. एकाच संचातील दोन तक्रारी. एकीवर उपाय सोल्डरिंगच्या लोखंडाचा, तर दुसरीवर एका ओळीचा. दोन्हींना ‘माइक खराब’ म्हणणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

आवाजाचा मार्ग

पाइनफोनची पहिली तुकडी जानेवारी २०२० मध्ये ग्राहकांकडे रवाना झाली. त्यात ऑलविनर कंपनीची ए६४ ही मुख्य चिप आणि क्वेक्टेल कंपनीचे ईजी२५-जी हे मोडेम आहे. हे मोडेम म्हणजे संचाच्या आत बसविलेला दुसरा संगणकच होय; त्याचा स्वतःचा प्रोसेसर आहे आणि त्याच्यावर स्वतंत्रपणे लिनक्सच चालते.

बोललेला शब्द प्रथम मायक्रोफोनमध्ये विद्युतसंकेत बनतो, प्रवर्धकातून जातो आणि ए६४ चिपमधील ध्वनिपरिवर्तकात अंकीय रूप घेतो. या परिवर्तकाला बाहेर पडण्यासाठी एकाहून अधिक अंकीय वाटा आहेत. एक वाट मुख्य प्रोसेसरकडे जाते; ध्वनिमुद्रण आणि इंटरनेटवरील संभाषण या वाटेने होते. दुसरी वाट थेट मोडेमकडे जाते. सिमवरील संभाषण या वाटेने होते. म्हणजेच सिमवरून बोलताना आवाजाचा एकही नमुना मुख्य प्रोसेसरमधून जात नाही. प्रोसेसरचे काम रेल्वेतील सांधेवाल्यासारखे असते. तो सांधे बदलून देतो. गाडी त्याच्या खोलीतून जात नाही.

लिब्रेम ५ ची रचना याहून भिन्न आहे. तेथे मोडेम हे एका स्वतंत्र साउंड कार्डाप्रमाणे दिसते आणि त्याच्याकडून येणारा-जाणारा आवाज ध्वनिव्यवस्थापक आज्ञावलीला प्रोसेसरमधून वाहून न्यावा लागतो. त्यामुळे तेथे आवाजावर प्रक्रिया करता येते. मात्र प्रोसेसरवर भार वाढला, एखादे जड ॲप उघडले, की आवाजात टकटक उठण्याची किंवा खंड पडण्याची शक्यताही तेथेच असते. पाइनफोनवर सिमच्या संभाषणात असा खंड पडला, तर त्याचे कारण प्रोसेसरवरील भारात शोधण्यात अर्थ नाही. तेच लक्षण, पण दोन संचांत दोन कारणे. म्हणून एका संचासाठी सांगितलेला उपाय दुसऱ्यावर जसाच्या तसा लावणे धोक्याचे ठरते.

सांधे बदलण्याची व्यवस्था लिनक्समध्ये तीन थरांत विभागलेली आहे. सर्वांत खाली कर्नलमधील अल्सा ही ध्वनिव्यवस्था. परिवर्तकातील प्रत्येक सांधा तिच्यात एकेका नियंत्रणाच्या रूपाने दिसतो. ही नियंत्रणे संख्येने इतकी असतात की ती हाताने लावणे व्यवहार्य नाही. म्हणून ‘संगीत’, ‘संभाषण’ अशा प्रसंगांनुसार कोणती नियंत्रणे कोठे ठेवावयाची याची नोंद यूसीएम नावाच्या मजकुरी फायलींत केलेली असते. त्यांच्यावर पल्सऑडिओ किंवा पाइपवायर हा ध्वनिव्यवस्थापक असतो, आणि संभाषण सुरू होताच प्रसंग बदलण्याची सूचना कॉलऑडिओडी हा छोटा पार्श्वकार्यक्रम देतो. यांपैकी कोणताही दुवा निखळला की मायक्रोफोन उत्तम असूनही पलीकडे शांतता असते.

दोषस्थान निश्चित करणे

शोधाचा आरंभ पडद्यावर न करता संचाच्या मागच्या झाकणाखाली करावा. पाइनफोनमध्ये झाकणाखाली सहा सूक्ष्म स्विच आहेत. त्यांतील तिसरा मायक्रोफोन तोडतो, तर सहावा हेडफोनच्या खाचेला तपासणीच्या तारेचे काम देतो. लिब्रेम ५ मध्ये बाजूला तीन स्विच असून मायक्रोफोन व कॅमेरा यांना मिळून एकच आहे. खासगीपणाच्या रक्षणासाठी केलेली ही उत्तम सोय विस्मरणामुळे दोषाचे रूप घेते. पूर्ण निःशब्दता असेल तर प्रथम येथे पाहावे. मायक्रोफोनच्या छिद्रावर बाहेरचे कव्हर येत नाही ना, छिद्रात धूळ नाही ना, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

त्यानंतर तीन चाचण्या कराव्यात. पहिली, संचावरच अर्धा मिनिट ध्वनिमुद्रण करून ते दुसऱ्या यंत्रावर हेडफोनने ऐकणे. हे मुद्रण स्वच्छ असेल तर मायक्रोफोन, प्रवर्धक आणि परिवर्तक निर्दोष आहेत. दुसरी, इंटरनेटवरून संभाषण करणे. यात आवाज प्रोसेसरच्या वाटेने जातो, मोडेमचे ध्वनिकार्य बाजूला राहते. तिसरी, सिमवरून साधे संभाषण, आणि तेही दोनदा : एकदा संचाच्या स्वतःच्या मायक्रोफोनने व एकदा तारेच्या हेडसेटने. पहिल्या दोन चाचण्या चांगल्या आणि तिसरी दोन्ही वेळा वाईट, तर दोष परिवर्तक-मोडेम वाटेवर, मोडेममध्ये किंवा दूरसंचार जाळ्यात आहे. हेडसेटने चांगले आणि संचाच्या मायक्रोफोनने वाईट, तर प्रवर्धन किंवा प्रतिध्वनी यांचा संशय घ्यावा. पहिलीच चाचणी वाईट निघाली तर मोडेमविषयीची सर्व चर्चा थांबवावी.

पलीकडे दुसरा फोन वेगळ्या खोलीत, दार लावून ठेवावा. एकाच खोलीत दोन्ही फोन ठेवून केलेली चाचणी निरुपयोगी असते, कारण आवाज हवेतूनही पोहोचतो आणि नसलेला प्रतिध्वनी निर्माण होतो. चाचणीसाठी ‘हॅलो, हॅलो’ म्हणण्याची सर्वत्र रूढी आहे. ती बदलणे बरे. या शब्दात एकही ऊष्म व्यंजन नाही, आणि दोष प्रथम ऊष्म व्यंजनांतच प्रकट होतो. ‘चार’ मधील तालव्य च, ‘चारा’ मधील दंत्य च, स आणि श हे सर्व येतील असे एखादे ठरावीक मराठी वाक्य प्रत्येक चाचणीत तेच वापरावे, म्हणजे तुलना करता येते.

येथे एक सापळा सांगणे आवश्यक आहे. संभाषण सुरू होताना प्रसंग बदलतो, आणि त्याबरोबर नियंत्रणांची मूल्येही बदलतात. फोन बंद असताना अल्सामिक्सरमध्ये पाहिलेली मूल्ये ही संभाषणाची मूल्ये नसतात. त्यामुळे संभाषण चालू असतानाच, दुसऱ्या संगणकावरून संचाशी जोडणी करून, सर्व नियंत्रणांची स्थिती एका फाइलमध्ये उतरवून घ्यावी. संभाषणापूर्वीची स्थिती दुसऱ्या फाइलमध्ये ठेवावी आणि दोहोंतील फरक पाहावा. निवडलेला मायक्रोफोन हेडसेटचा आहे आणि हेडसेट तर जोडलेलाच नाही, अशी उघड चूक या तुलनेत लगेच दिसते.

प्रवर्धन : दोन तक्रारींची ओढाताण

‘आवाज बारीक येतो’ या तक्रारीवरील स्वाभाविक उपाय म्हणजे मायक्रोफोनचे प्रवर्धन वाढविणे. परंतु ए६४ च्या परिवर्तकातील मायक्रोफोन-प्रवर्धनाचे नियंत्रण समान पायऱ्यांचे नाही. त्याची शून्य ही पायरी ० डेसिबलची आहे; पहिली पायरी एकदम २४ डेसिबलची; त्यानंतर प्रत्येक पायरीला ३ डेसिबल वाढत सातव्या पायरीवर ४२ डेसिबल होतात. २४ डेसिबल म्हणजे संकेताचा आयाम सुमारे १६ पट, आणि ४२ डेसिबल म्हणजे सुमारे १२६ पट. पडद्यावरील पट्टी समान अंतरे दाखवीत असली, तरी शून्यावरून एकावर जाणे आणि एकावरून दोनवर जाणे यांत महदंतर आहे. शून्यावर पलीकडे जवळजवळ काहीच पोहोचत नाही. उलट सातवर तोंडाजवळ धरलेल्या फोनमधील संकेत परिवर्तकाच्या मर्यादेबाहेर जातो आणि त्याची शिखरे कापली जातात. कापलेली शिखरे पुढील कोणत्याही टप्प्यावर परत मिळत नाहीत. ‘आवाज फाटतो’ असे जे वर्णन केले जाते ते याचेच.

प्रवर्धन याखेरीज आणखी दोन ठिकाणी होते : परिवर्तकाच्या अंकीय भागात आणि खुद्द मोडेममध्ये. तत्त्व असे की, प्रारंभीचे प्रवर्धन शिखरे न कापता जेवढे ठेवता येईल तेवढे ठेवावे. नंतरच्या अंकीय प्रवर्धनात आवाजाबरोबर पार्श्वभूमीची खरखरही तेवढीच वाढते. मधल्या एखाद्या पायरीपासून आरंभ करून, नेहमीच्या उंचीच्या आवाजात बोलून, एका वेळी एकच पायरी बदलावी.

प्रवर्धन वाढविल्याने पलीकडच्याची पहिली तक्रार मिटते आणि दुसरी सुरू होते. मायक्रोफोन जितका तीक्ष्ण, तितका त्याला संचाच्याच इअरपीसमधून येणारा पलीकडचा आवाजही अधिक ऐकू येतो, आणि तो परत पाठविला जातो. बारीक आवाज आणि प्रतिध्वनी या दोन तक्रारी परस्परविरुद्ध दिशांना ओढतात. एकीचाच विचार करून केलेला उपाय दुसरीला जन्म देतो.

प्रतिध्वनी

इअरपीस आणि मायक्रोफोन यांच्यातील अंतर हातभरही नसते. ते कापण्यास ध्वनीला अर्धा मिलिसेकंद पुरतो. एवढ्या अल्प विलंबाचा प्रतिध्वनी कानाला वेगळा जाणवला नसता. जाणवतो तो जाळ्यातून जाण्या-येण्यात लागणाऱ्या, शंभर-दोनशे मिलिसेकंदांच्या विलंबामुळे. दूरध्वनीच्या इतिहासात हा प्रश्न १९६० च्या दशकात तीव्र झाला, कारण तेव्हा संभाषणे उपग्रहांमार्गे होऊ लागली. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहापर्यंत जाऊन परत येण्यास संकेताला एकेरी सुमारे पाव सेकंद लागतो. याच काळात बेल प्रयोगशाळेत प्रतिध्वनी-निरसनाच्या पद्धती विकसित झाल्या. तेथील संशोधक मनमोहन सोंधी यांचा या विषयावरील १९६७ चा लेख मूलभूत मानला जातो.

निरसनाची कल्पना सोपी आहे. पलीकडून आलेला आवाज इअरपीसकडे जाताना ठाऊक असतोच. तो मायक्रोफोनपर्यंत कोणत्या रूपात पोहोचेल याचा अंदाज बांधावयाचा, तो अंदाज मायक्रोफोनच्या संकेतातून वजा करावयाचा, आणि उरलेल्या चुकीवरून अंदाज सतत सुधारीत राहावयाचे. विड्रो व हॉफ यांनी १९६० मध्ये मांडलेली किमान वर्ग-मध्य पद्धती अशा सुधारणेसाठी उपयोगी पडते. मात्र या अंदाजामागे एक गृहीतक आहे : इअरपीसला दिलेला संकेत आणि त्यातून निघालेला आवाज यांचे नाते रेषीय असावे. लहानसा इअरपीस पूर्ण आवाजावर ठेवला की तो थरथरू लागतो, नाते रेषीय राहत नाही, आणि निरसकाचा अंदाज चुकतो. म्हणून इअरपीसचा आवाज एक-दोन पायऱ्यांनी कमी केल्यास प्रतिध्वनी अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त घटतो. हा उपाय इतका साधा आहे की सहसा कोणी करून पाहत नाही.

पाइनफोनच्या वापरकर्त्यांचा बराच वेळ येथे एका गैरसमजात गेलेला दिसतो. पल्सऑडिओ आणि पाइपवायर या दोहोंत प्रतिध्वनी-निरसनाची सोय आहे. ती चालू केली की प्रश्न सुटेल असे वाटणे साहजिक आहे. परंतु सिमवरील संभाषणाचा आवाज प्रोसेसरमधून जातच नाही, म्हणून या निरसकापुढे तो कधी येतच नाही. इंटरनेटवरील संभाषण मात्र त्यामुळे सुधारते, आणि त्यावरून उपाय लागू पडला असा भास होतो. सिमच्या संभाषणासाठी निरसन करणारा एकच घटक उरतो, तो म्हणजे मोडेम. त्याच्या निरसकाची मूल्ये एटी आज्ञांनी बदलता येतात. १९८१ च्या हेज कंपनीच्या मोडेमपासून रूढ झालेली ही दोन अक्षरांची भाषा आजही खिशातील यंत्रात चालते, ही गोष्ट संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सांगण्याजोगी आहे. या मोडेममध्ये आवाज यूएसबीवाटे प्रोसेसरकडे देण्याचीही सोय आहे. तसे केल्यास प्रोसेसरवरील निरसक वापरता येतो, पण त्याची किंमत वाढीव विलंबाच्या रूपाने द्यावी लागते.

जाळ्याच्या मर्यादा

सर्व टप्पे निर्दोष असूनही आवाज ‘डबक्यासारखा’ वाटत असेल, तर तो दोष नसून जाळ्याची मर्यादा असू शकते. पारंपरिक दूरध्वनीचा पट्टा ३०० ते ३४०० हर्ट्झचा आहे आणि त्यासाठी सेकंदाला ८००० नमुने घेतले जातात. स या व्यंजनाची बहुतेक ऊर्जा ४००० हर्ट्झच्या वर असते, म्हणून ती अशा जाळ्यात पोहोचतच नाही. श ची ऊर्जा खाली उतरलेली असल्याने तो टिकतो. व्होएलटीई पद्धतीत विस्तृत पट्ट्याचे संकेतन मिळाल्यास नमुने १६,००० आणि पट्टा सुमारे ७००० हर्ट्झपर्यंत जातो. चाचणीच्या वाक्यातील स आणि दंत्य च स्पष्ट झाले की नाही यावरून हे कळते. मोडेम आणि परिवर्तक यांची नमुना-दराबाबत एकवाक्यता नसेल, तर मात्र आवाज खरखरतो किंवा त्याची पट्टीच बदलते. हा जाळ्याचा नव्हे, मांडणीचा दोष होय. पाइनफोनवर मोडेम सुरू होताना अशी मांडणी लावण्याचे काम ईजी२५-मॅनेजर हा पार्श्वकार्यक्रम करतो.

व्होएलटीईचा प्रश्न केवळ गुणवत्तेचा राहिलेला नाही. २०१६ मध्ये भारतात सुरू झालेल्या जिओच्या जाळ्यात दुसरी वा तिसरी पिढी नाहीच. अमेरिकेतील प्रमुख कंपन्यांनी २०२२ मध्ये आपली तिसऱ्या पिढीची जाळी बंद केली. मोडेममध्ये त्या कंपनीसाठीची योग्य मांडणी निवडलेली नसेल, तर अशा जाळ्यात इंटरनेट चालते आणि संभाषण लागतच नाही. त्याला मायक्रोफोनचा दोष समजून कोणी यूसीएमच्या फायली तपासू नयेत.

बदल टिकविणे आणि दोष कळविणे

यूसीएमच्या फायलींत केलेला बदल वितरणाच्या पुढील अद्ययावतीकरणात पुसला जाऊ शकतो. ‘पूर्वी ठीक होते, आता पुन्हा बिघडले’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते. म्हणून बदललेल्या फाइलची प्रत वेगळी ठेवावी, आणि बदल सर्वांच्या उपयोगाचा असेल तर तो मूळ प्रकल्पाकडेच पाठवावा. प्रसंगांच्या मांडणीतील चूक यूसीएम फायलींच्या प्रकल्पाकडे, नियंत्रणच चुकीचे वागत असेल तर कर्नलच्या ड्रायव्हरकडे, आणि संभाषणाच्या वेळी प्रसंग बदलत नसेल तर कॉलऑडिओडीकडे, अशी ही वाटणी आहे. मोडेमच्या आतील निरसकाची चूक मात्र कळविता येते, दुरुस्त करता येत नाही. या मोडेमवरील लिनक्सच्या भागाला मुक्तस्रोत पर्याय वापरकर्त्यांच्या समुदायाने तयार केला आहे. पण आवाजावर प्रत्यक्ष प्रक्रिया करणारा त्याच्या आतील भाग अजून बंदिस्तच आहे.

कळविताना संचाची आवृत्ती, वितरण व कर्नल यांचे क्रमांक, तिन्ही चाचण्यांचे निष्कर्ष, संभाषणापूर्वीच्या व संभाषणातील नियंत्रणांच्या दोन्ही फायली, आणि संभाषण कोणत्या पिढीच्या जाळ्यावर झाले ते लिहावे. पलीकडच्या बाजूने केलेले मुद्रण सर्वांत उपयोगी, कारण दोष तेथेच ऐकू येतो. मात्र त्यात दुसऱ्या व्यक्तीचाही आवाज असतो. त्या व्यक्तीची संमती आधी घ्यावी, किंवा पलीकडेही आपलाच दुसरा फोन ठेवावा.